रक्ताची चिठ्ठी आणि हाडाचे दुखणे

शेतकऱ्याची कंबर दुखणे यात नवल ते काय? भातलावणी संपली की घरोघर तेलाची वाटी निघते. परंतु ज्यास पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्याच्या पाठदुखीकडे त्याच नजरेने पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुढे हाडात पसरू शकतो. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. आपण दरसाल बांधाची ढासळलेली माती काढून नवी भरतो, तसे शरीरही जुने हाड काढून नवे भरीत असते. रोग तेथे शिरला की हे काम बिघडते व त्याच्या खुणा रक्तात उतरतात. अल्कलाइन फॉस्फेटेज ही त्यांतली जुनी व स्वस्त तपासणी. १९४१ साली शिकागो येथे हगिन्स व हॉजेस यांनी रक्तातील फॉस्फेटेज मोजूनच प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर उपचाराचा गुण येतो, हे दाखविले. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा ही तपासणी टाकाऊ नाही. पण तिचा शब्द अखेरचाही नाही. मोडलेले हाड जुळताना, वाढत्या वयात, 'ड' जीवनसत्त्व कमी असता किंवा यकृत बिघडले असताही आकडा चढतो. म्हणून चढलेला आकडा पाहून रडारड नको. उलट, हाडात रोग असूनही आकडा ठीक येऊ शकतो. खरा निर्णय डॉक्टर तपासून, हाडांचा स्कॅन किंवा एमआरआय पाहून करतात.

आमच्या ओळखीच्या एका बाईंचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते. पुढे पाठ दुखू लागली. रक्ताची चिठ्ठी 'चांगली' आली म्हणून घरच्यांनी तीन महिने पाठ शेकली. पाय लुळे पडले तेव्हा गाडी काढली. मणक्यातील गाठ मज्जारज्जूला दाबीत होती. त्या पुन्हा चालू शकल्या नाहीत.

म्हणून वाचकहो, जुन्या आजाराचे कागद जपून ठेवा व प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपमोड करणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे अंगावर काढू नका. पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. वेळीच दिलेल्या किरणोपचाराने व औषधांनी दुखणे कमी होते, पायही वाचू शकतात. सुगीचे काम शेजारी सांभाळतील, माणूस आधी.