नाव बदलले, नजर कोण बदलणार?



मागच्या महिन्यात एका मित्राच्या घरी जेवणानंतर नेहमीसारख्या गप्पा रंगल्या. विषय निघाला लोकांच्या दबावाने काय काय घडू शकते याचा. एकाने उदाहरण दिले 'फेअर अँड लव्हली'चे. २०२० साली एवढ्या बलाढ्य कंपनीला आपल्या क्रीमचे नाव बदलावे लागले, 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले, म्हणजे आपण बोललो तर बदल होतो! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. परत येताना गाडीत नवऱ्याने विचारले, "तू का नाही बोललीस? हा तर तुझाच धंदा." तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज लिहिते आहे. थोडे लांबेल, आणि काही जणांना टोचेल. टोचावे अशीच इच्छा आहे.

धंदा माझा खरेच आहे. इथे न्यू जर्सीत येण्यापूर्वी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी मुंबईत एका जाहिरात एजन्सीत होते. कुठल्या ते सांगत नाही, आमचे गिऱ्हाईक कोण होते तेही नाही. गोरे करणारे एक क्रीम बाजारात आणायचे होते, आणि मला मुलींशी बोलून त्यांच्या मनात काय आहे ते शोधायला नाशिकला पाठवले होते. एका हॉलमध्ये आठ मुली, चहा-बिस्किटे, टेपरेकॉर्डर. त्यातली एक बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली. ती सहज म्हणाली, "बघायला येतात तेव्हा आई मला खिडकीजवळ बसू देत नाही." बाकीच्या सात जणी हसल्या नाहीत. त्यांना अर्थ कळला होता.

मी ते वाक्य कागदावर उतरवून घेतले. मुंबईला परतल्यावर माझे फार कौतुक झाले. सोन्यासारखे वाक्य आणलेस म्हणाले. पुढे त्या खिडकीचा एक प्रसंग झाला: आधी अंधारात बसलेली मुलगी, मग काही आठवड्यांनी उजेडात आलेली. त्या मुलीला माझ्याकडून मिळाले दोन बिस्किटे आणि एक पेन. मी स्वतः सावळी आहे, हे सांगायचे राहिलेच.

म्हणून मला कोणी विचारले की सौंदर्यप्रसाधनांचे मार्केटिंग परिणामकारक कशामुळे होते, तर मी सुंदर मॉडेल, गुलाबी डबी, गोड संगीत असे उत्तर देत नाही. ते सगळे नंतर येते. आधी समाजाने माणसाच्या मनाला केलेली जखम शोधावी लागते. ती रोज थोडी उघडी ठेवावी लागते, आणि मग फुंकर विकावी लागते.

फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आले. ते इतकी वर्षे कसे चालले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण काम अतिशय हुशारीने झाले होते, आणि शत्रूची हुशारी कबूल केल्याशिवाय त्याच्याशी लढता येत नाही.

पहिली गोष्ट, त्यांनी कथा नवी लिहिलीच नाही. ती आपल्या घरात तयार होती. पोह्यांची बशी, पाहुणे, नकार. जाहिरातीने फक्त शेवट बदलून दिला. काळ बदलला, मुली नोकरी करू लागल्या, तसा तोच शेवट त्यांनी लग्नाच्या मांडवातून उचलून ऑफिसात नेऊन ठेवला. एअर होस्टेसची ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. बाप हळहळतो, मुलगा असता तर आधार झाला असता. मुलगी क्रीम लावते, उजळते, विमानात नोकरी मिळवते, बाप खूश. म्हणजे मुलीच्या कर्तबगारीची भाषा आणि मुलगा नसल्याचे दुःख, दोन्ही एकाच ट्यूबमध्ये!

दुसरी गोष्ट, त्यांनी मोजपट्टी दिली. पाकिटावर एकाच चेहऱ्याची आधी आणि नंतरची रूपे, सोबत गडदपासून फिक्यापर्यंत रंगांची उतरंड. हा मला सर्वांत घातक भाग वाटतो. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे मुलगी रोज सकाळी आरशात पाहून ठरवू लागते. मोजता आले की कमी पडता येते, आणि कमी पडले की पुन्हा विकत घेता येते.

तिसरी गोष्ट, वचन अगदीच खोटे नव्हते. त्यात नायसिनमाइड असते, म्हणजे बी ३ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्वचेतले रंगद्रव्य वरच्या पेशींकडे जाणे ते काहीसे कमी करते. जोडीला उन्हापासून संरक्षण देणारे घटक. परिणाम बेताचा, आणि वापर थांबवला की रंग हळूहळू पूर्वपदावर. व्यवसायाच्या दृष्टीने यापेक्षा चांगला माल नाही. पूर्ण खोटा असता तर लोकांनी सोडला असता. पूर्ण खरा असता तर एका ट्यूबमध्ये काम संपले असते.

चौथी गोष्ट, किंमत. शांपूप्रमाणे हेही लहान पाकिटात, मोजक्या रुपयांत मिळू लागले. मिशिगन विद्यापीठातले आपले सी. के. प्रल्हाद गरिबांना ग्राहक माना असे सांगत होते, आणि गरीब बाईला परवडणारे हे क्रीम तिला आत्मविश्वास देते, अशी मांडणी त्या विचारातून पुढे आली. त्याच विद्यापीठातल्या अनिल कर्नानींनी २००७ साली एका लेखात नेमक्या याच क्रीमचे उदाहरण घेऊन ती मांडणी खोडून काढली. नफा होतो म्हणून भलेही होते, हे गृहीतच त्यांना अमान्य होते. मी कर्नानींच्या बाजूची आहे. ज्या उतरंडीने बाईला खाली ढकलले, तिच्यावर चढायला शिडी विकणे याला सक्षमीकरण म्हणत नाहीत.

आता लढ्याकडे येऊ. तो झालाच नाही असे मी म्हणत नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारींचा पाठपुरावा केला आणि २००३ साली कंपनीला दोन जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये चेन्नईहून 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली, २०१३ मध्ये नंदिता दास तिच्यात सामील झाल्या. २०१४ साली जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेने नियम केला की गडद रंगाची व्यक्ती दुःखी, नाकारलेली, अपयशी दाखवायची नाही. २०१९ मध्ये पाकिटावरची ती मोजपट्टी गेली. आणि २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर उसळलेल्या संतापाची झळ पोचल्यावर, नाव गेले. या प्रत्येक पायरीमागे माणसे आहेत आणि त्यांना माझा सलाम आहे.

पण नाव बदलणे हा कंपनीचा पराभव होता, हे मला मान्य नाही. धंद्याच्या नजरेने पाहिले तर तो एक उत्तम निर्णय होता. ट्यूब तशीच गुलाबी, दुकानातली जागा तीच, 'लव्हली' कायम. 'फेअर' म्हणायची गरजच उरली नव्हती, कारण पंचेचाळीस वर्षे तो शब्द गिऱ्हाइकाच्या मनात मुरलेला होता. आता 'ग्लो' म्हटले तरी ऐकणारीला काय ऐकायचे ते ती ऐकते. मराठीत आपल्याला हे नवीन नाही. 'काळी' म्हणायचे नसते म्हणून आपण 'सावळी' म्हणतो, 'सावळी' लपवायचे असते तेव्हा 'गव्हाळ', आणि अगदीच कौतुक करायचे असेल तर 'रंग उजळ नाही, पण नाकीडोळी नीटस'. त्या 'पण'मध्ये सगळे आले.

काही मित्र म्हणतात, "मार्केटिंग हा फक्त आरसा आहे. समाजाला हवे ते दाखवतो." अहो, आरसा भिंतीवर गप्प असतो. तो पैसे मोजून दर मालिकेच्या मध्यंतरात घरात येत नाही, आणि पाहणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून नव्या लोकांना शोधत फिरत नाही. पुरुषांना रंगाचा न्यूनगंड पुरेसा नव्हता, तर २००५ मध्ये त्यांच्यासाठी 'फेअर अँड हँडसम' आले आणि २००७ मध्ये शाहरुख खान ते विकू लागला. आरसा असे करत नाही, व्यापारी करतो.

दुसरे मित्र म्हणतात, "इथले गोरे लोक उन्हात पडून रंग गडद करतातच की. प्रत्येकाला आपल्याकडे नसलेले हवे असते." हे वाक्य मी बावीस वर्षे ऐकते आहे. उन्हात रापायला न गेलेल्या गोऱ्या मुलीचे लग्न मोडल्याचे कोणी ऐकले आहे का? तिचे रापणे म्हणजे सुट्टी परवडल्याची खूण. आपल्याकडे रापणे म्हणजे शेतात, रस्त्यावर, उन्हात राबल्याची खूण. रंगाच्या मागे जात आणि श्रम उभे आहेत. ज्यांनी फुले-आंबेडकर वाचले आहेत त्यांना मी हे सांगायला नको.

मग चांगले मार्केटिंग असूच शकत नाही का? असते, आणि ते ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. माल घेण्यापूर्वी बाईला आधी स्वतःबद्दल वाईट वाटावे लागते का? 'डव्ह'ने २००४ मध्ये 'रिअल ब्यूटी'ची मोहीम काढली. २००६ ची त्यांची ती छोटी फिल्म, साध्या चेहऱ्यापासून होर्डिंगवरच्या चेहऱ्यापर्यंतची, आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवली होती. काम उत्कृष्ट होते. पण 'डव्ह' आणि 'फेअर अँड लव्हली' एकाच युनिलिव्हरचे! इथल्या बाईला सांगायचे तू आहेस तशी सुंदर, आणि तिकडच्या बाईला सांगायचे अजून थोडी उजळ हो. मत एकच असते तर दोन्हीकडे एकच बोलले असते.

याउलट २०१७ साली रिहानाचे 'फेंटी ब्यूटी' आले ते फाउंडेशनच्या चाळीस छटा घेऊन. तोपर्यंत दुकानात जाऊन आपल्या रंगाचे काही न मिळता परत येणे हा गडद रंगाच्या बायकांचा नेहमीचा अनुभव होता, माझाही. फेंटीची दिशा जाहिरातीच्या टेबलावर नाही, माल बनवताना ठरली. 'तू बदल' न म्हणता 'आम्ही बनवायला विसरलो होतो' असे त्या चाळीस बाटल्या न बोलता सांगत होत्या. तेही विकतच आहेत, धर्मादाय नाही, आणि मागे एलव्हीएमएच ही बडी कंपनी आहे. तरी माझ्या कसोटीला ते उतरते. आणि ते जोरात चालले. म्हणजे जखम उकरल्याशिवाय धंदा होत नाही, हे आम्ही मुंबईत एकमेकांना जे सांगत होतो, ते धादांत खोटे होते. ती आमची सोय होती.

इथपर्यंत कंपन्यांना बोलले. आता आपल्याकडे वळते.

२०२० च्या जूनमध्येच डॅलसमध्ये राहणाऱ्या एका भारतीय बाईने केलेल्या अर्जामुळे शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला. कंपनी म्हणाली, तो नुसता राहून गेलेला होता, चालत नव्हता. ठीक. पण आपले बायोडेटे कोण तपासणार? मागच्या वर्षी माझ्या भाचीचा बायोडेटा बहिणीने माझ्याकडे पाठवला, 'तुझी भाषा चांगली आहे, जरा बघ' म्हणून. त्यात 'वर्ण' असा रकाना होता आणि पुढे लिहिले होते 'सावळा'. मी, ही मी, जी तुम्हाला एवढे व्याख्यान देते आहे, तिने तो शब्द खोडून 'गव्हाळ' केला. दोन सेकंद लागले. रकानाच काढून टाकावा हे मला सुचलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, तू खोडलंस ते मी बघितलं." एवढेच म्हणाली. मला नाशिकची खिडकी आठवली. पंचवीस वर्षांत मी काय बदलले होते?

आषाढीला आपण सावळ्या विठ्ठलापुढे डोळे मिटून उभे राहतो. सून बघताना मात्र डोळे सताड उघडे. नातू झाला की पहिला प्रश्न 'रंग कोणावर गेलाय?', आणि पोटुशीला केशराचे दूध देताना मनात काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात ती ट्यूब मिळते, कारण आपण ती घेतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. आपल्या अधिवेशनांतल्या वधूवर मेळाव्यांच्या अर्जांतून आणि घरोघरच्या बायोडेटांतून 'वर्ण' हा रकाना पूर्ण जावा. 'गव्हाळ'ही नको. बाळ पाहायला गेल्यावर त्याच्या रंगावर कोणी बोलले तर आपण तिथेच, हसत का होईना, थांबवावे. आणि आपल्यापैकी जे मार्केटिंगमध्ये, औषध आणि प्रसाधन कंपन्यांत काम करतात, आणि आपण बरेच आहोत, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये विचारावे: हे विकण्यासाठी कोणाला आधी लहान करावे लागणार आहे? नोकरी जाणार नाही. फार तर शांतता पसरेल.

भाचीला मी त्या दिवशी परत फोन केला आणि माफी मागितली. नवा बायोडेटा तिने स्वतः बनवला आहे. त्यात 'वर्ण' नाही. बहीण अजून माझ्यावर नाराज आहे.

मतभेद असतील तर जरूर कळवा. फक्त 'सावळी पण छान' असे कृपया कोणी लिहू नका.