मताधिकाराची जुनी भीती

गरिबाला मत असावे काय, हा प्रश्न आज कुणी उघडपणे विचारीत नाही. तो आडवाटेने विचारला जातो. जो प्राप्तिकर भरीत नाही त्याने सरकारी खर्चाविषयी बोलू नये. जो फुकट धान्य घेतो त्याचे मत विकले गेलेलेच असते. ज्याला अक्षर येत नाही त्याला राज्यकारभारातले काय कळणार? अशी वाक्ये शहरांतल्या सुखवस्तू घरांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत सर्रास ऐकू येतात. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर हल्ला चढविला, तेव्हापासून तर या विचाराला राजमान्यताही मिळाली. हे काही नवे, आधुनिक, अर्थशास्त्रीय शहाणपण आहे अशी बोलणाऱ्यांची समजूत दिसते. वस्तुतः हा युक्तिवाद सुमारे अडीच हजार वर्षांचा आहे, आणि राजकीय विचारांचा इतिहास म्हणून विद्यापीठांतून जे शिकविले जाते त्याचा फार मोठा भाग त्यानेच व्यापलेला आहे.

पाठ्यपुस्तकांत प्लेटोपासून मिलपर्यंतचे विचारवंत पोथीतील अध्यायांप्रमाणे एकामागून एक येतात. एकाने न्यायाची मीमांसा केली, दुसऱ्याने सार्वभौमत्वाची, तिसऱ्याने स्वातंत्र्याची. आणि अशा रीतीने मानवजात पायरीपायरीने लोकशाहीच्या मंदिरात पोचली, असे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. या अध्यायांचे बहुतेक नायक लोकशाहीचे विरोधक होते, हे परीक्षेत विचारले जात नाही. विरोधाचे कारण तर नाहीच नाही. ते कारण मात्र युगे बदलली तरी बदललेले नाही. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या हाती सत्ता गेली तर तो कर्जे बुडवील आणि जमिनी वाटून घेईल, ही ती भीती.

अथेन्सच्या लोकशाहीचा उगमच मुळी कर्जाच्या प्रश्नात आहे. इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलोनच्या हाती कारभार आला, त्या वेळी तेथील गरीब शेतकरी स्वतःचा देह तारण ठेवून कर्ज घेत आणि ते फिटले नाही की गुलाम होत. सोलोनने ती कर्जे रद्द केली व माणसाचा देह तारण घेण्यास कायमची बंदी घातली. जमिनीची फेरवाटणी त्याने केली नाही, अधिकारपदेही उत्पन्नाच्या प्रतवारीनुसारच ठेवली. तरी सर्वांत खालच्या थराला नागरिकांच्या सभेत आणि न्यायसभेत बसता येऊ लागले. कर्जमाफीला लोकशाहीची विकृती म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, ज्या प्राचीन लोकशाहीचे ते गोडवे गातात तिचा पाया कर्जमाफीने घातला गेला. पुढे पेरिक्लीझच्या काळात न्यायसभेत बसणाऱ्याला दिवसाचा भत्ता मिळू लागला. त्यावाचून रोजंदारीवर जगणारा माणूस तेथे बसणार कसा? या भत्त्यामुळे लोक आळशी आणि लोभी बनले, अशी टीका प्लेटोने ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी घातली आहे. रेवडीची उपमा तेवढी त्याला सुचली नव्हती!

या लोकशाहीतून स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी वगळलेले होते, हे विसरून चालणार नाही. पण तिच्या विरोधकांचा आक्षेप त्या वगळण्याला नव्हता. त्यांना सलत होते ते चांभार आणि खलाशी आत असल्याचे.

ॲरिस्टॉटल निदान स्पष्ट बोलतो. लोकशाही म्हणजे बहुसंख्याकांचे राज्य ही व्याख्या त्याला अपुरी वाटते. एखाद्या नगरात श्रीमंतच बहुसंख्य असले आणि त्यांनी राज्य केले, तरी त्याला लोकशाही म्हणता येणार नाही. गरिबांचे राज्य ती लोकशाही आणि धनिकांचे राज्य ती अल्पजनसत्ता, असे त्याचे म्हणणे. याहून मार्मिक गोष्ट तो पुढे सांगतो. चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमणे ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही अल्पजनसत्तेची रीत, असा भेद तो करतो. अथेन्समध्ये पाचशेंचे मंडळ व बहुतेक पदे चिठ्ठीने भरली जात. सेनापतींसारखी मोजकी पदेच निवडणुकीने. कारण उघड आहे. निवडणुकीत कुळ, पैसा आणि नावलौकिक यांना वाव मिळतो, चिठ्ठीला त्यांची ओळख नसते. निवडणूक म्हणजेच लोकशाही असे मानणाऱ्या आपल्या काळाने हा परिच्छेद पुन्हा वाचावयास हवा.

त्या लोकशाहीचा शेवटही बोधप्रद आहे. इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने अथेन्सचा पराभव केला आणि नागरिकत्वासाठी दोन हजार द्राख्मा मालमत्तेची अट घातली. सुमारे नऊ हजार नागरिक उरले, त्याहून कमी मालमत्तेचे सारे बाहेर गेले. लोकशाही बुडविण्यासाठी मतदान बंद करावे लागले नाही. पात्रतेची एक अट पुरली. त्याच वर्षी ॲरिस्टॉटल वारला. त्याने आपल्या मृत्युपत्राच्या व्यवस्थेसाठी नेमलेला माणूस हाच अँटिपेटर.

त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी, ऑक्टोबर १६४७ मध्ये, लंडनजवळच्या पटनी येथील चर्चमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. राजा चार्ल्सचा पराभव झाला होता. ज्या सैन्याने तो केला त्यातील साधे शिपाई आता विचारू लागले होते की, नव्या राज्यव्यवस्थेत आपले स्थान कोणते? ‘लेव्हलर’ म्हणून हिणविल्या गेलेल्या गटाचा मसुदा त्यांनी पुढे ठेवला आणि मताधिकारावर घनघोर वाद झाला. कर्नल रेन्सबरो याची भूमिका सरळ होती : ज्या सरकारच्या स्थापनेत माणसाची संमती घेतली गेली नाही, त्या सरकारचे बंधन त्याच्यावर पडत नाही, मग तो कितीही दरिद्री असो. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने दिलेले उत्तर मालमत्तेच्या बाजूचे आजवरचे सर्वांत निर्भीड उत्तर होय. देशात ज्याचे कायमचे हितसंबंध रोवलेले आहेत, म्हणजे ज्याची जमीन आहे किंवा ज्याच्याकडे व्यापाराची सनद आहे, त्यानेच राज्य ठरवावे. निसर्गदत्त हक्काच्या नावाखाली मत मागाल तर त्याच हक्काने उद्या शेजाऱ्याचे शेतही मागाल, तेव्हा थांबणार कोठे? यावर शिपाई सेक्सबी याने विचारले की, एवढी वर्षे आम्ही प्राण पणाला लावले ते कशासाठी? आयर्टनपाशी याचे समाधानकारक उत्तर नव्हते. उत्तर निराळ्या भाषेत दिले गेले. मे १६४९ मध्ये बर्फर्ड येथे बंड करणाऱ्या लेव्हलर शिपायांपैकी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या.

या वादाची टिपणे सैन्याचा चिटणीस विल्यम क्लार्क याने लघुलिपीत घेतली होती. ती ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात पडून राहिली आणि १८९१ साली प्रथम छापली गेली. योगायोग असा की अथेन्सच्या राज्यघटनेवरील ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ इजिप्तमधील पपायरसवरून प्रसिद्ध झाला तोही १८९१ सालीच. म्हणजे चिठ्ठीने चालणाऱ्या राज्याचा सर्वांत तपशीलवार वृत्तांत आणि शिपायांनी केलेली मताची मागणी, हे दोन्ही लॉक, मॅडिसन वा मिल यांपैकी कुणालाही वाचावयास मिळाले नव्हते. आपल्या अभ्यासक्रमांना तेही निमित्त नाही.

लॉकने मालमत्तेला श्रमाचा आधार दिला खरा; पण नोकराने खणलेली गवताची ढेकळेही धन्याचीच होतात, हे त्याच परिच्छेदात येते, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग त्याच्यापाशी होते. मॅडिसन अधिक सरळ. मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी १७८६ साली शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली होती. त्याची धग ताजी असताना, १७८७ मध्ये, मॅडिसनने लिहिले की मोठ्या प्रजासत्ताकात प्रतिनिधींच्या गाळणीतून कारभार चालविला म्हणजे कर्जे रद्द करण्याची किंवा मालमत्ता सारखी वाटण्याची मागणी देशभर पसरू शकणार नाही. प्रातिनिधिक शासनाच्या या गुणाची जाहिरात त्याने स्वतःच केली आहे; कुणा समाजवाद्याने त्याच्यावर केलेला तो आरोप नव्हे. इंग्लंडमध्ये सनदवाद्यांनी १८४२ साली तेहतीस लाखांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला, तेव्हा सार्वत्रिक मताधिकार आणि मालमत्ता एकत्र नांदू शकत नाहीत असे सांगावयास उभा राहिला तो मेकॉले. चारच वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून परतलेला हा गृहस्थ आपल्या परिचयाचा आहे. अर्ज विचारात घेण्याच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध २८७ मते पडली.

मिलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तो उदारमतवाद्यांचा आदर्श. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्याने पार्लमेंटमध्ये केलेला प्रयत्न विसरता येणार नाही. परंतु १८६१ साली प्रातिनिधिक शासनावर लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात मताधिकाराच्या अटी पाहाव्यात. मतदाराने नोंदणी अधिकाऱ्यासमोर एक वाक्य उतरवून दाखवावे आणि त्रैराशिकाचे एक उदाहरण सोडवावे. कर न देणाऱ्याला मत नको. सार्वजनिक मदत घेणाऱ्याला नको. दिवाळखोराला नको. उलट शिक्षितांना एकाहून अधिक मते असावीत. आणि आयुष्याची पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत काढलेल्या या स्वातंत्र्यवाद्याच्या मते हिंदुस्थानसारख्या देशाला तूर्त परक्यांची एकतंत्री सत्ताच योग्य. आमच्या प्राध्यापकवर्गाने त्याची स्वातंत्र्यावरील पुस्तिका पिढ्यानुपिढ्या शिकविली. हा ग्रंथ सोयीपुरता शिकविला.

या परंपरेशी भारताने १९४९ साली काडीमोड घेतला. १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार शेतसारा, कर, मालमत्ता आणि शिक्षण यांवर आधारलेला होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने ती सर्वांसाठी प्रत्यक्षात आली. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांना आणि धंदेवाल्यांना मिळणारे दुसरे मत रद्द करणारा कायदा झाला तो १९४८ साली, म्हणजे आमची संविधान सभा बसलेली असताना. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण अवघे अठरा टक्के होते, आणि तरीही सतरा कोटींवर लोकांची नावे मतदारयादीत आली. राजकीय समता देऊन आर्थिक व सामाजिक विषमता तशीच ठेवली तर हा डोलारा टिकणार नाही, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला. विषमतेने उलट बाजूनेही पोखरण सुरू केली आहे : ती आता राजकीय समतेलाच अटी घालीत आहे.

हरियाणाच्या २०१५ च्या पंचायत कायद्याने उमेदवारीसाठी शिक्षणाची अट घातली. सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकलेला, विजेचे बिल न भरलेला आणि घरी शौचालय नसलेला माणूसही अपात्र ठरविला. मिलची यादी जवळजवळ जशीच्या तशी! १० डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध मानला. शिक्षणानेच बऱ्यावाईटाचा विवेक येतो, असे त्या निकालात म्हटले आहे. आणि निवडणुका खर्चिक असल्यामुळे कर्जात बुडालेला माणूस एरवीही त्या लढविण्याची शक्यता कमी, असाही विचार त्यात मांडला आहे. आयर्टनला याहून अधिक काय हवे होते? निकालाचा मान राखूनही त्यातील तर्क नाकारण्याचा नागरिकाला अधिकार आहे. आमदाराला आणि खासदाराला शिक्षणाची कोणतीही अट नाही, आणि न्यायालयाने दिवाळखोर ठरवीपर्यंत त्यांचे कर्जही आड येत नाही. २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी सोळा लाख कोटी रुपयांहून अधिक कर्जे निर्लेखित केल्याचे सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे हिशेबशास्त्र खरेच. परंतु पतसंस्थेच्या थकबाकीदाराला तेवढी सवड मिळत नाही. आणि कर न भरण्याचे म्हणावे, तर साबणाच्या प्रत्येक वडीवर व मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर शेतमजूर वस्तू व सेवा कर भरतोच. प्राप्तिकरदात्याप्रमाणे त्याला त्याचे विवरणपत्र मिळत नाही एवढेच.

राजस्थानने अशाच शैक्षणिक अटी घातल्या होत्या, त्या २०१९ मध्ये रद्द केल्या. म्हणजे हे पाऊल मागे घेता येते. महाराष्ट्रात २०१७ साली थेट सरपंच निवड आली तेव्हा १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने सातवी उत्तीर्ण असावे अशी अट आली, आणि २०२२ मध्ये थेट निवड पुन्हा आणताना ती कायमच ठेवली गेली. दोन्ही वेळी तिच्याविरुद्ध जेवढा आवाज उठावयास हवा होता तेवढा डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांकडूनही उठला नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाताजाता जिची शाळा पाचवीत सुटली अशी बीड जिल्ह्यातील १९९६ साली जन्मलेली बाई त्या अटीखाली आपल्या गावच्या सरपंचपदासाठी अर्ज भरू शकत नाही. विधानसभेसाठी भरू शकते.