झिंगे शेवटी टाका

चूल-चर्चा

टीव्हीवरचा आचारी वाइनच्या रश्श्यात झिंगे मंद आचेवर शिजवतो, तेव्हा कळमनुरीत बघणाऱ्याला दोन अडचणी दिसतात. वाइन आणायची कुठून, आणि आणलीच तर शेजाऱ्यांना सांगायचं काय! माझं म्हणणं, दोन्ही सोडा. वाइनवाचून रस्सा अडत नाही. झिंगे बिघडतात ते वेळ चुकल्याने.

पैनगंगेवरचं इसापूर धरण आपल्या उशाशी आहे. मासळीवाल्याकडे झिंगे दिसले तर अंग घट्ट, वास ताजा बघून घ्या. झिंग्यात मटणासारखे चिवट धागे नसतात, त्यामुळे तासभर शिजवून मऊ करण्यासारखं त्यात काही नाही. उलट जास्त तापलं की मांस आकसतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं होतं. रंग बदलला, पाठ वाकली, की उतरवा. मंद आच हवी ती रश्श्याला.

वाइन तिथे मुख्यतः आंबटपणा देते, सोबत थोडा सुगंध. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक. आपल्या चिंचेतलंही तेच. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणात मुरवत. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरची-मसाला आला आणि विंदालू झालं. त्याला नक्कल कोणी म्हणत नाही. मग चिंचेला कमीपणा का?

आणखी एक. ‘शिजवताना दारू उडून जाते’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून 15 मिनिटं शिजवल्यावर सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने 25, अडीच तासांनी 5 टक्के. धर्म, औषधं किंवा लहान मुलं यांमुळे ज्यांना ती नकोच, त्यांनी या समजुतीवर विसंबू नये.

तर असं करा. झिंगे सोला, पाठीतला काळा धागा काढा, पण डोकी-सालं फेकू नका. खरी चव तिथेच असते. ती तेलात लाल परता, पाणी घालून उकळा, गाळा. दुसऱ्या भांड्यात कांदा, ठेचलेला लसूण, हळद, तिखट परतून त्यात हे पाणी, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा टाका. मंद आचेवर अर्धा तास आटू द्या. वर तेल दिसलं की झिंगे सोडा आणि तीन-चार मिनिटांत गॅस बंद करा. सोबत ज्वारीची भाकरी.

नदी-ओढ्यातल्या खेकड्यांना मात्र ही घाई लावू नका. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणाऱ्या चपट्या कृमीचे रुग्ण ईशान्य भारतात आढळले आहेत, आणि खोकल्यातून रक्त पडत असल्याने अनेकदा त्यांच्यावर क्षयाचे उपचार झाले. खेकडे उकळत्या रश्श्यात चांगली वीस मिनिटं ठेवाच.

— सांडशी