दहा, नऊ, आठ
गावाकडे 'हक्क' हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तो बांधाच्या भांडणात, नाहीतर आत्या हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी येते तेव्हा. म्हणून शाळेच्या भिंतीवर 'सहभागाचा हक्क' कितीही ठळक रंगवा, पोरांना त्यात आपलं काही दिसत नाही. बालहक्कांचा करार १९८९चा, भारताने तो १९९२मध्ये स्वीकारला. तो मोठ्यांइतकाच मुलांनाही कळवणं हे सरकारचं काम, असं त्याचं ४२वं कलमच सांगतं. पण कळवायचं म्हणजे नुसतं भाषांतर करायचं नव्हे. दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर बीडहून उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला निघालेल्या मुलीला एवढंच विचारावं, कोपीवर धाकट्याला कोण सांभाळतं? 'मीच की' म्हणताना तिचा आवाज खाली येतो, आणि शाळेच्या हक्काची गोष्ट तिथून सुरू करता येते. मेळघाटात हाच प्रश्न कोरकूत विचारायला हवा, आणि विचारणारी बाई त्याच पाड्यावरची असेल तर फार बरं. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे तर आपण घरोघरी शिकवतो, तेव्हा सहभागाच्या हक्काचा धडा आधी आजी-आजोबांच्या बैठकीत व्हावा असं मला मनापासून वाटतं. मुलांच्याच बोलीत आलेली गोष्ट त्यांच्यात कशी रुजते, याचं एक उदाहरण आहे. मुंबईत १९९६ साली संकटातल्या मुलांसाठी फोनसेवा सुरू झाली, तिचा १०९८ हा क्रमांक रस्त्यावरची मुलं 'दस, नौ, आठ' असा म्हणत. कधी शाळेत न गेलेल्या पोरालाही तो पाठ व्हायचा.