बचावपटूचे वय मोजताना



‘उतारवयातल्या खेळाडूंवर पैसा कशाला?’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. आघाडीच्या खेळाडूबद्दल ते मान्य करता येईल. मधल्या बचावपटूबद्दल मुळीच नाही. त्याचे काम पळण्याआधी ओळखण्याचे. चेंडू कुठे पडणार, ऑफसाइडसाठी रांग कधी पुढे न्यायची, शेजारच्या पोराला ओरडून कधी मागे खेचायचे, हे विशीत क्वचितच जमते.

मुंबई सिटीने 2023च्या हंगामाआधी स्पेनचा तिरी घेतला, तेव्हा तो बत्तिशीत होता आणि गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून सावरलेला. त्याच हंगामात, 4 मे 2024ला, मुंबईने मोहन बागानला कोलकात्यात 3-1 हरवून आयएसएल चषक आणला. श्रेय एकट्याचे नाही, पण निवड चुकली असे कोण म्हणेल?

उलट दाखलाही देतो. ब्राझीलचा विश्वविजेता लुसियो 2015मध्ये एफसी गोवाकडे आला तो 37व्या वर्षी. पहिल्या वर्षी अंतिम फेरी, दुसऱ्या वर्षी तळाचे स्थान! म्हणून करार एकाच हंगामाचा असावा.

नगरच्या क्लबांनीही स्पर्धेआधी एखादा जाणता स्टॉपर जरूर घ्यावा. फक्त संध्याकाळी स्थानिक मुलांना शिकवण्याची अट करारात लिहून घ्यावी.

— एक फुटबॉलप्रेमी, सावेडी, अहिल्यानगर