बुद्ध हसले नव्हते

18 मे 1974 ला पोखरणमध्ये भारताने पहिला अणुस्फोट केला. त्याचे प्लुटोनियम आपल्याच मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतले. स्फोटाला नाव चिकटले 'हसरा बुद्ध'. पुढे वाजपेयी सरकारने 11 मे 1998 ला पुन्हा स्फोट केले, तो दिवस बुद्ध पौर्णिमेचा. ज्या व्यवस्थेने बुद्धांना विष्णूचा नववा अवतार करून पचवायला पाहिले, तिनेच त्यांना बॉम्बच्या बारशाला बसवले. परशुरामाच्या हातात परशू होताच की! मग नाव नेमके निःशस्त्राचेच का घेतले?

पण त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. 11 मे आला की आपलीच पोरं 'बुद्ध हसला' असे स्टेटस ठेवतात (तेही एकेरीत), याचा जास्त त्रास होतो. टोकले तर ऐकवतात, "बाबासाहेब काही गांधींसारखे अहिंसावादी नव्हते."

नव्हतेच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हा आंधळा नियम नव्हे तर तत्त्व मानले आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत फरक केला. वस्तीवर हल्ला झाला तर लेकराबाळांना वाचवायला काठी उचलणे ही गरज. आता हीच कसोटी अणुबॉम्बला लावा.

2003 च्या जाहीर धोरणानुसार भारत अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण आपल्यावर अणुहल्ला झाला तर प्रचंड प्रतिहल्ला करील. समजा, मुंबई जळाली. त्यानंतर लाहोर जाळून मुंबईतले एक तरी लेकरू परत येईल का? वाचवायचे ते तेव्हा गेलेले असते. गरज संपलेली असते, उरते ती निव्वळ इच्छा.

यावर ठरलेले उत्तर येते: बॉम्ब टाकायचा कुणाला आहे, तो नुसता धाक आहे. धाक खोटा असेल तर शत्रू भीत नाही. खरा असेल तर लाखो निरपराधांना मारायची तयारी आपण आजच मनात करून बसलो आहोत. तथागतांनी तर चेतनेलाच कम्म म्हटले आहे.

आणि हा धाक चालतो तरी किती? पोखरणनंतर वर्षभरात कारगिल झाले, पाचशेवर जवान गेले. 2008 ला मुंबईवर हल्ला झाला. मोठे युद्ध बॉम्बमुळेच टळले असे म्हणणाऱ्यांना ते सिद्ध करता येत नाही. उलट 9 मार्च 2022 ला आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती म्हणून निभावले. समोरच्याने त्या काही मिनिटांत वेगळा अर्थ काढला असता तर?

बाबासाहेबांना देशाच्या संरक्षणाची काळजी नव्हती असे कुणी म्हणू नये. 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला होता: 350 कोटींच्या महसुलातले सुमारे 180 कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्या परराष्ट्र धोरणाने मित्रच ठेवले नाहीत. त्यांनी मोठे शस्त्र मागितले नाही, चुकीच्या धोरणावर बोट ठेवले. आज अण्वस्त्रधारी देशाच्या या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तो हिशेब कोण मांडणार?

येत्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात यावर चर्चा ठेवली आहे. स्टेटसवाल्यांनी जरूर यावे. फक्त ग्रंथातला अहिंसेचा भाग तेवढा वाचून यावे.