डावखुरा उंदीर

परवा शनिवारी घरच्या जुन्या यंत्रावर फ्रीबीएसडी नव्याने टाकली. साखळी ओळखीचीच: आधी नेटवर्क, मग वेळ, मग पासवर्ड. तिसऱ्या नंबरला मी जे करतो ते पाहून एक मित्र नेहमी हसतो. मी ग्राफिकल पडदा यायच्या आधी, काळ्या कन्सोलवरच माउस चालू करतो. त्याच्या मते कन्सोलवर माउस म्हणजे धोतरावर टाय. ज्याला की-बोर्डवर भागत नाही त्याने कन्सोलवर यावंच कशाला, असा त्याचा सवाल.

तर त्याचं उत्तर आज सविस्तर देतो, कारण तोंडी दिलं की वाद चहा संपेपर्यंतच टिकतो.

मी डावखुरा आहे. लहानपणी आजी ताटावरचा माझा डावा हात अलगद बाजूला सारायची, शाळेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात दिली, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये माउसची वायरच इतकी आखूड की तो डावीकडे येईचना. म्हणून मी वर्षानुवर्षं उजव्या हाताने माउस चालवला. मग ते मनगट दुखायला लागलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि माउस एकदाचा डाव्या बाजूला गेला. (जेवण मात्र अजून उजव्या हातानेच. आजी जिंकली.)

डाव्या हातात माउस धरला की तर्जनी उजव्या बटणावर पडते. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करायला एक चौकोन असतो, तो टिचकला की झालं. पण ती अदलाबदल डेस्कटॉपपुरतीच. खाली कन्सोलवर उतरलात की बटणं पुन्हा उजव्या हातवाल्यांची.

आता कन्सोलवर माउसचं काम तरी काय? डावं बटण दाबून ओढलं की मजकूर निवडला जातो, मधलं दाबलं की निवडलेला मजकूर जिथे कर्सर आहे तिथे उमटतो, आणि उजवं बटण आधीची निवड पुढे वाढवतं. एका कन्सोलवर निवडा, ऑल्ट-एफ२ दाबून दुसरीकडे जा, चिकटवा. डिस्कचा ३६ अक्षरांचा यूयूआयडी कागदावर उतरवून परत टाइप करून बघा, म्हणजे याची किंमत कळेल. त्यात बी आणि ८, डी आणि शून्य... असो.

तर ही गोष्ट मागच्या नोकरीतली. लिनक्सचा सर्व्हर, त्यावर माउस सांभाळणारा जीपीएम चालू, पण बटणं सरळ क्रमाने. माझी टिपणाची फाइल पहिल्या कन्सोलवर उघडी होती. त्यातली एकच ओळ मला हवी होती. ती निवडली, पण सवयीने तर्जनी दाबली गेली आणि निवड खालच्या दोन ओळींवर पसरली. माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या कन्सोलवर रूट म्हणून बसलो होतो, तिथे मधलं बटण दाबलं. पहिली ओळ चालली. दुसरी ओळ होती रीबूट. ओळ संपल्याचं चिन्हही सोबत आलेलं, त्यामुळे एंटर दाबायचा प्रश्नच उरला नाही.

दुपारी तीनची वेळ. बिलिंगवाले बारा मिनिटं हातावर हात ठेवून बसले, आणि त्यातल्या एका बाईंनी मोजून बारा वेळा फोन केला. चूक माझीच, ती मी लिहूनही दिली. पण वरून हुकूम आला तो असा: सगळ्या सर्व्हरवरून जीपीएम काढून टाका.

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. जीपीएमच्या मॅन पानात बटणांचा क्रम ठरवणारा एक पर्याय आहे, -बी. तिथे सरळ लिहिलंय की १२३ हा नेहमीचा क्रम आणि ३२१ डावखुऱ्यांसाठी. म्हणजे ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याला आमची आठवण होती, यंत्र लावणाऱ्याला (म्हणजे मलाच!) नव्हती. आणि चिकटवण्याच्या धोक्यावरही त्याच पानात उपाय आहे: -ए दिला तर चिकटवणं आधी बंद राहतं, आणि सोबत मर्यादा दिली तर बराच वेळ माउस स्वस्थ असल्यावर जुनी निवड बाद होते. कोणीतरी आधीच चिकटवण्याच्या जागी घातक कमांड ठेवून जाईल, या भीतीपोटी ही सोय केलेली आहे. दोन पर्याय, एक ओळ. त्याऐवजी आम्ही माउसच फेकला, आणि पुढची दोन वर्षं लोक यूयूआयडी कागदावर उतरवत राहिले.

मित्राचं म्हणणं अर्धं मान्य. टीमक्समध्ये की-बोर्डने कॉपी करता येते, आणि छान येते. फ्रीबीएसडी सिंगल यूजरमध्ये उठली तर माउसडीही आपोआप उठत नाही, हाताने उठवावा लागतो. पण वरचं सगळं कोसळलं की माणूस शेवटी कन्सोलवरच येतो, घाबरलेला, घाईत असलेला. तिथेच त्याला परक्या हाताने काम करायला लावायचं, हे मला काही पटत नाही.

म्हणून घरी आरसी.कॉन्फमध्ये माउसडीच्या फ्लॅग्जमध्ये दोन जोड्या टाकल्यात: -एम १=३ -एम ३=१. म्हणजे पहिल्या बटणाचं काम तिसरं करील आणि तिसऱ्याचं पहिलं. माउस दोनच बटणांचा असला तर -३ जोडायचा. मग दोन्ही बटणं एकदम दाबली की मधलं दाबल्यासारखं होतं. एकदम म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या आत. बोटं मंद असतील तर -ई देऊन ही मुदत वाढवता येते.

फक्त मुलगी परवा त्या यंत्रापाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, तुझा माउस उलटा आहे." ती उजव्या हाताची. तिच्यासाठी दुसरा यूएसबी माउस लावला. फ्रीबीएसडीत प्रत्येक माउसला वेगळे फ्लॅग्ज देता येतात, तेव्हा यूएमएस० माझा, यूएमएस१ तिचा. (आधी कोणाचा खोचायचा ते मात्र लक्षात ठेवावं लागतं.) दोन माउस, पडद्यावर बाण एकच. काल रात्री आम्ही दोघं तो एकदमच ओढत होतो, ती उजवीकडे आणि मी डावीकडे.